इंदूर, उदयनगर आणि मावशीचा रविवार

संक्रांत झाली आणि लेकीची परीक्षाही संपली, तेव्हा आम्ही दोघी इंदूरला जाऊन आलो. माझी मावशी लग्न होऊन नगरहून तिकडं गेली, तिथंच सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली आणि निवृत्तही झाली. तिला भेटायचं होतंच. शिवाय उदयनगरला कॅथलिक संन्यासिनी सिस्टर राणी मारिया यांच्या कबरीपाशी जायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं. आमची मंडळी प्रॉटेस्टंट. संतांच्या कबरीला जायची आमच्यात रीत नाही. पण या बाईंबद्दल वाचल्यापासून मला त्यांनी काम केलं तो गाव बघायचाच होता. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "या की. शनिवारी उदयनगर करू. रविवारी मात्र मी सांगेन तिथं यायचं."

शुक्रवार

रात्रीची बस. धुळ्याच्या पुढं थंडी वाढली आणि खलघाटला नर्मदेच्या पुलावर जाग आली. पुढच्या सीटवरच्या आजींनी खिडकी सरकवून नाणं टाकलं, "नर्मदे हर" म्हटलं आणि खिडकी परत लावून घेतली. मानपूरचा घाट चढून इंदुरात शिरलो तेव्हा धुकं इतकं होतं की समोरच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसत होते.

मावशीच्या दारात पहिलं स्वागत शेजारच्या काकूंनी केलं. काकूंचं घराणं होळकरांच्या चाकरीत आलेलं, तेव्हापासून इंदूरचंच. त्यांनी वाफेवरचे पोहे आणून ठेवले होते. वर शेव, बारीक कांदा आणि जीरावन हा तिकडचा मसाला, बाजूला गरम जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी हे आम्हा नगरकरांना आधी चमत्कारिक वाटतं, पण दुसऱ्या घासाला पटतं. "कशी लागली आमची जिलबी?" काकूंनी विचारलं. लेकीनं उत्तर न देता तिसरी उचलली.

संध्याकाळी घरोघरची प्रार्थना होती. इंदुरातली मराठी ख्रिस्ती कुटुंबं विखुरलेली आहेत. कुणी रेल्वेत, कुणी शिक्षकीत, कुणी गिरणीत नोकरीला आले आणि राहिले. रविवारची उपासना हिंदीत होते, म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ ही मंडळी मराठीत गाण्यासाठी एकमेकांच्या घरी जमतात. पेटी होती, टाळ होते. आम्ही आत गेलो तर एक जण "सलाम" म्हणाला, दुसरा "जय मसीह की". रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या चालीवर लिहिलेली भजनं झाली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ ही भजनं म्हटली जात आहेत. तरी त्या खोलीतल्या दहा-बारा माणसांना ती पाठ होती. मराठी वाचता न येणारी तरुण मुलंही चुकत नव्हती.

प्रार्थनेनंतर चहा झाला आणि एका वयस्कर काकांशी बोलणं निघालं. ते हुकूमचंद मिलमध्ये होते. ही मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांची देणी तिशीहून अधिक वर्षं अडकून राहिली. शेवटी २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे नाताळच्या दिवशी, सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला. एकूण ५,८९५ कामगारांचा हा प्रश्न होता. तोवर त्यांतले कितीतरी वारले होते. काका सांगत होते, "पैसे आले म्हणजे हातात आले असं नसतं. नवरा गेलेला, मुलगा दुसऱ्या गावी, मिलच्या कार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरं. बायका कागद घेऊन फिरायच्या." काकांनी आपल्या ओसरीवर एक टेबल मांडलं. मृत्यू दाखला, वारसाचं शपथपत्र, बँकेचं पासबुक असं एकेक जुळवून ते अर्ज भरून द्यायचे. कोण कुठल्या देवाचं हे विचारायचा प्रश्नच नव्हता. गिरणीच्या खात्यात सगळे एकत्र घाम गाळत होते.

मी विचारलं, "चर्चच्या मंडळीनं हे काम दिलं होतं का तुम्हाला?"

"छे. मला नोकरीत कारकुनी येत होती. देवानं तीच दिलीय."

लेक हे ऐकत होती. घरी येताना ती म्हणाली, "आपल्याकडं मिशन म्हटलं की माणूस दुसऱ्या गावाला जाऊन उपदेश करतो असंच डोळ्यांसमोर येतं." माझ्याही आलं असतं. आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं. शाळा, दवाखाने, पाण्याच्या सोयी त्यांनी केल्या. त्या आठवणीवर आम्ही इतके वाढलो आहोत की मिशन म्हणजे कुणीतरी परदेशी येऊन करतो ते, असं आमच्यातल्या बऱ्याच जणांनी मनाशी धरलं आहे. मला हे फार खुपतं. आपल्या हाती जे काम आहे ते सोडून मिशन दुसरीकडं शोधायला लागलं की रविवार वेगळा पडतो आणि बाकीचे सहा दिवस वेगळे पडतात.

जाणाऱ्यांसाठी: जानेवारीत इंदूरच्या रात्री चांगल्याच गार असतात, शाल आणि मोजे हवेतच. रात्री जेवणानंतर सराफ्यात जा. सोन्याची दुकानं बंद झाली की त्याच पायऱ्यांवर खाण्याची मांडणी लागते. थंडीत गराडू नक्की खा. हा सुरणासारखा कंद तळून वर मसाला भुरभुरतात आणि लिंबू पिळतात. भुट्ट्याचा कीसही घ्या, पण दोघांत एक पुरतो.

शनिवार

उदयनगर देवास जिल्ह्यात आहे. आम्ही गाडी केली. कंपेल मागं पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू आणि हरभरा. काळ्या मातीवर तो हिरवा रंग सकाळच्या उन्हात नुसता चमकत होता. पुढं टेकड्या सुरू होतात, साग दिसायला लागतो, वस्ती विरळ होते. ड्रायव्हर जवळच्याच गावचा होता. एका चढावर त्यानं गाडी हळू केली आणि आपणहून सांगितलं, "यहीं कहीं हुआ था, मैडम. नाचनबोर." पुढं तो काही बोलला नाही.

सिस्टर राणी मारिया वट्टालिल केरळमधल्या पुल्लुवळीच्या. जन्म २९ जानेवारी १९५४. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संस्थेत त्या सिस्टर झाल्या, १९७५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बिजनोरला आल्या, मग मध्य प्रदेशात आणि १९९२ मध्ये उदयनगरला. त्यांनी इथं केलं ते काम वरवर पाहिलं तर अगदी साधं होतं. पेरणीच्या वेळी बी-बियाणाला पैसा नसतो, शेतकरी सावकाराकडं जातो, कोऱ्या कागदावर अंगठा देतो. पीक निघालं की ते सावकार म्हणेल त्या भावानं त्यालाच घालायचं. व्याज फिटत नाही, मुद्दल तसंच राहतं आणि पुढच्या पेरणीला पुन्हा तोच दरवाजा. सिस्टरनी लोकांना बँकेत नेलं. सरकारी योजना कुठल्या, कर्जाचा अर्ज कसा करायचा, कागदावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय अंगठा का द्यायचा नाही, हे समजावलं. बचत गट केले. आपल्याकडं सातबारा लागतो तसा तिकडं खसरा आणि ऋण पुस्तिका. ती कागदपत्रं मिळवायला त्या लोकांबरोबर कचेरीत जात.

एवढ्यावर ज्यांचा धंदा बसला त्यांना हे सोसलं नाही. २५ फेब्रुवारी १९९५ च्या सकाळी सिस्टर उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. भर बसमध्ये, लोकांच्या देखत, समुंदर सिंग नावाच्या तरुणानं त्यांच्यावर वारांवर वार केले. वय एक्केचाळीस.

चर्चच्या आत त्यांची कबर आहे. पांढरी फुलं वाहिलेली होती. एक केरळी सिस्टर आली, मावशीला ओळखून हसली आणि आम्हाला बसायला चटई दिली. तिथं आधीच एक म्हातारी बसली होती. कपाळावर गोंदण, पायांत चांदीची जाड कडी. प्रार्थना संपवून ती बाहेरच्या ओट्यावर आली तेव्हा मावशीनं तिच्याशी निमाडीमिश्रित हिंदीत गप्पा सुरू केल्या. म्हातारी ख्रिस्ती नव्हती. ती म्हणाली, सिस्टर आमच्या घरी यायची, जमिनीवर बसायची, भाकरी असेल ती खायची. एकदा सावकाराच्या माणसानं कागद आणला तर तिनं तो हातातून घेतला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. "तब पता चला कि बैल भी लिखा हुआ था." कर्ज पैशाचं होतं आणि कागदात बैलजोडीही घातली होती. म्हातारीला हे सांगताना अजूनही राग येत होता. मलाही आला.

मग तिनं तिच्या पदराची गाठ सोडून आम्हाला बोरं दिली. आंबट, लहान, पण काय चव! मी भोपळ्याएवढी होईपर्यंत खाईन असं लेक म्हणाली आणि म्हातारी कळल्यासारखी हसली.

याच्या पुढचा भाग मी घरून वाचून गेले होते, तरी त्या ओट्यावर बसून तो वेगळा कळला. सिस्टरची धाकटी बहीण, सेल्मी पॉल, तीही सिस्टरच. २००२ मध्ये ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि ज्यानं आपल्या बहिणीला मारलं त्याला तिनं राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ मध्ये तो सुटला. नंतर तो या कबरीवर येत राहिला. रोमहून ४ नोव्हेंबर २०१७ रोजी सिस्टरना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं गेलं, तो सोहळा इंदुरातच झाला.

क्षमेवर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. त्यांतल्या बहुतेकांत क्षमा ही मनात घडते. इथं ती अर्जात घडली. आपल्या बहिणीच्या खुन्याला सोडा म्हणून कागद लिहायचा, त्यावर सही करायची, तो कचेरीत द्यायचा, आणि हे सगळं लोक वेड्यात काढत असताना. मला वाटतं, हे करताना सेल्मीबाईंच्या मनात सगळं निवळलं होतं की नाही याला फारसं महत्त्व नाही. त्यांनी सही केली.

तिथल्या सिस्टरनी आम्हाला डाळ-भात आणि कोबीची भाजी खाऊ घातली. आता इथं काय काम चालतं असं विचारलं तर म्हणाल्या, तेच. बचत गट, मुलींचं शिक्षण, दवाखान्यात कुणाला न्यायचं असलं तर नेणं.

जाणाऱ्यांसाठी: उदयनगरला राहायची सोय धरून जाऊ नका, इंदूरला मुक्काम ठेवा. सकाळी लवकर निघालात तर दुपारनंतर आरामात परत येता. बसनं जायचं असेल तर परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच विचारून घ्या. पाणी बरोबर ठेवा. कबरीपाशी कुणी प्रार्थना करत असेल तर फोटो काढू नका. गावातली माणसं आपणहून बोलली तर ऐका, पण त्या दिवशी काय झालं हे खोदून विचारू नका. दरवर्षी २५ फेब्रुवारीला त्यांचा स्मृतिदिन असतो, त्या सुमारास गर्दी असते.

रविवार

सकाळी मावशीच्या मंडळीत उपासना. नगरला आमचं चर्च आणि हे चर्च दोन्ही उत्तर भारतीय मंडळीतली, म्हणजे १९७० मध्ये नागपूरला ज्या मंडळ्या एकत्र आल्या त्यांतली. त्यामुळं उपासनेचा क्रम ओळखीचा होता, फक्त सगळं हिंदीत. पाळकसाहेबांनी याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय घेतला. भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला मोताद आहे, आणि तुम्ही तिला नुसतं सुखानं जा, ऊब घे, तृप्त हो असं म्हणता, तर त्याचा काय उपयोग, असा त्यातला सवाल आहे. पाळकसाहेब फार थोडं बोलले. मला ते आवडलं.

बारा वाजता मावशीच्या स्वयंपाकघरात खरी गडबड सुरू झाली. मोठ्या पातेल्यात मुगाची खिचडी, तूप कमी, तिखट नाही. शेजारच्या काकू पोळ्यांचा डबा घेऊन आल्या. त्यांचा उपास होता, तरी पोळ्या त्यांनीच लाटल्या होत्या. "हिच्या पोळ्या जाड होतात," काकूंनी मावशीकडं बोट करून सांगितलं. मावशीनं मान्य केलं. दोघींचा हा रविवार कितीतरी वर्षं चाललाय. काकूंना मावशीच्या चर्चमध्ये यायचं नसतं, मावशीला त्यांच्या सत्यनारायणाला बसायचं नसतं, आणि याचं दोघींना काही वाटत नाही. प्रसाद आणि केक मात्र भिंतीवरून जातात.

आम्ही एमवायला गेलो. महाराजा यशवंतराव हॉस्पिटलला सगळं इंदूर एमवायच म्हणतं. झाबुआ, बडवानी, खरगोन, खंडवा, कुठून कुठून माणसं येतात. पेशंट आत असतो, त्याचे नातेवाईक बाहेर आवारात पथारी टाकून. थंडीत त्यांचे फार हाल होतात. मावशी आधी वॉर्डातल्या सिस्टर-इन-चार्जला भेटली, कुणाला काय चालतं ते विचारून घेतलं. मगच डबे उघडले.

मी समजत होते की आम्ही अन्न वाटणार आणि परत येणार. पण खिचडी वाढणं अर्ध्या तासात संपलं. पुढचे तीन तास मावशी कागद वाचत होती. हा रिपोर्ट कुठं दाखवायचा, सोनोग्राफी कुठल्या मजल्यावर, आयुष्मान कार्डावर नावात चूक आहे तर कुठल्या खिडकीवर जायचं, गोळी उपाशीपोटी की जेवल्यावर. एका तरुण बापाला तिनं गोळ्यांच्या पाकिटावर पेनानं सूर्य आणि चंद्र काढून दिले. त्याला वाचता येत नव्हतं. तो ते पाकीट खिशात घालायचा, पुन्हा काढून बघायचा. नोकरीत असताना ती हेच करायची, म्हणाली, फक्त तेव्हा वेळ मिळत नसे.

एका बाईनं तिला विचारलं, "आप कौन लोग हो?" मावशी म्हणाली, "ईसाई हूँ. यहीं नर्स थी." बाईनं मान डोलावली आणि पुढचा कागद दिला.

परत येताना मी मावशीला विचारलं की ती बायबलचं एखादं पत्रक देते का. मध्य प्रदेशात धर्मांतरावर कायदा १९६८ पासून आहे आणि २०२१ मध्ये तो कडक झाला. धर्म बदलायचा तर साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावं अशी त्यात अट आहे. आमिष दाखवल्याचा आरोप कधी कुणावर येईल सांगता येत नाही. मला वाटलं, ती भीतीनं देत नसेल. मावशी चालता चालता थांबली.

"कायदा नसता तरी दिलं नसतं गं. ज्याचं पोर आत ऑक्सिजनवर आहे त्याच्या एका हातात मी खिचडी द्यायची आणि दुसऱ्या हातात पत्रक? तो नाही म्हणू शकतो का मला? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला विचारू नये. कुणी विचारलं तर मी सांगतेच की मी कुणाची आहे."

मी यावर खूप विचार केला आहे आणि मला मावशीचं म्हणणं पूर्ण पटतं. आमच्यातले काही जण म्हणतील की साक्ष द्यायची संधी तिनं घालवली. मी म्हणेन, ज्या बाईनं "आप कौन लोग हो" विचारलं तिला साक्ष मिळाली, आणि ती तिनं स्वतः मागितली होती. अन्नाच्या बदल्यात मिळालेलं कान देणं हे ऐकणं नव्हे.

जाणाऱ्यांसाठी: कुठल्याही सरकारी दवाखान्यात अन्न घेऊन जाणार असाल तर आधी वॉर्डात विचारा. साखर, तिखट, तळकट नको. प्लेट-चमचे घरचे न्या आणि उष्टं परत आणा. इंदुरात ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याबद्दल लोक काटेकोर आहेत, आवारात काही टाकून येऊ नका. अन्न देताना फोटो काढू नका, ही मावशीची अट आहे आणि ती मोडलेली तिला चालत नाही.

सोमवार

शेवटचा दिवस शहर बघण्यात गेला. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, मग व्हाइट चर्च. हे सेंट ॲन्स, १८५८ चं, इंदुरातल्या जुन्या चर्चपैकी एक. तिथून क्रिश्चन कॉलेज. कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मंडळीचं मिशन १८७७ मध्ये माळव्यात आलं. होळकर दरबाराचा सुरुवातीला विरोध होता. तरी रेव्हरंड जॉन विल्की यांनी १८८७ मध्ये कॉलेज काढलं. किशोर कुमार इथंच शिकले, हे इंदूरचा रिक्षावालाही सांगतो.

मला स्वतःला मात्र त्या मिशनच्या डॉक्टर बायकांची गोष्ट जास्त जवळची वाटते. डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ मध्ये इंदूरला आल्या, दोन वर्षांनी डॉ. मॅरियन ऑलिव्हर. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नसत, बाळंतपणात मरायच्या. या दोघींनी आधी घरोघर जाऊन औषध दिलं. इमारती, संस्था, समित्या सगळं नंतर. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग काय, तेव्हाही एमवायसारखंच होतं म्हण."

काकूंनी निघताना डब्यात मालवी दाल-बाफले दिले आणि गिरणीवाल्या काकांनी लेकीला एक सुवाच्य यादी लिहून दिली. मृत माणसाच्या देण्यासाठी कुठले कागद लागतात, कुठल्या क्रमानं. लेकीच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील गेले आहेत आणि त्यांचे कंपनीतले पैसे अडकलेत. प्रार्थनेच्या संध्याकाळी ती काकांना हे बोलली होती. नगरला आल्या आल्या ती यादी घेऊन त्या मुलीकडं गेली, आता पुढच्या आठवड्यात दोघी बँकेत जाणार आहेत.

पुढच्या खेपेला धारला जायचं आहे. डॉ. मार्गारेट ओहारा १८९१ मध्ये कॅनडाहून आल्या आणि त्यांनी धारला वर्षानुवर्षं काम केलं. इंदूरहून धार साठेक किलोमीटर, बस गंगवाल स्टँडवरून मिळते.